गुंजनला गाडी लागते

बंडूजींना मोठी गाडी घ्यायची होती आणि त्यासाठी कारण हवं होतं. कारण घरातच सापडलं. चार वर्षांची नात गुंजन. तिला गाडी लागायची.

बंडूजी बारदान्याचे व्यापारी. रिकामी पोती, सुतळी, ताडपत्री. दुकान वर्ध्याच्या बाजारात, घर बोरगाव मेघेला. जन्मभर स्कूटरवर फिरलेला माणूस. पण दोन हजार चार साली बाजारातले एकेक व्यापारी उंच, पांढऱ्या, तीन रांगांच्या गाड्यांतून उतरू लागले आणि बंडूजींना स्वतःची स्कूटर दुकानामागे उभी करावीशी वाटू लागली. बायकोला तसं सांगता येत नव्हतं. शकुंतलाबाईंनी एका वाक्यात सुनावलं असतं, "लोकाईनं विहिरीत उडी घेतली तं तुमी बी घेसान का?"

त्याच जूनमध्ये सुनेची ऑर्डर आली. अंजू पवनारची, डी.एड. झालेली. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात तिला शिक्षणसेविका म्हणून नेमणूक मिळाली. रोजचं अपडाऊन जमण्यासारखं नव्हतं. आठवडाभर तिथं खोली करून राहायचं, शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. गुंजन बरोबर. शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती, सगळं जुळत होतं.

शकुंतलाबाई म्हणाल्या, "नोकरी कर. मी नाई म्हणत नाई. पण पोरगी इथं राहीन. तिले गाडी लागते. दर हप्त्याले ओकत जाईन अन् ओकत येईन, तं काय राहीन लेकरात?"

अंजू म्हणाली, "आत्याबाई, पोरीले ठेवून मी नाई जात."

"मंग नको जाऊ."

नवरा नीलेश तेव्हा मोबाइलवर साप फिरवत होता. त्या वर्षी मोबाइलमध्ये सापाचा खेळ असायचा आणि घरातला प्रश्न आपल्यापर्यंत येऊ नये असं ज्याला वाटे तो साप फिरवत बसे.

बंडूजींनी डाव साधला. "मोठ्या गाडीत लागत नाई लेकराईले. धक्केच बसत नाईत. आपून एक गाडी घेऊन टाकू. मी समुद्रपूरले वसुलीले जातोच, सोमवारी सोडून देईन दोघीले."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार, माणूस कुठून कुठं चालला हे त्यांना कळत होतं. म्हणाल्या, "ठीक हाय. आधी ट्रायल घ्या. समुद्रपूर जाऊन-येऊन पोरगी ओकली नाई, तं गाडी बी घ्या अन् सून बी जाईन पोरीले घेऊन. ओकली तं गाडी नाई, अन् पोरगी माह्यापाशी."

झालं. सासऱ्याची हौस आणि आईची नोकरी, दोन्ही निकाल घरानं चार वर्षांच्या लेकराच्या पोटावर ठेवले. हे ठरताना लेकराला कुणी विचारलं नाही. लेकराला विचारायची आपल्याकडे रीतच नाही. त्याचं वजन करतात, नवस करतात, दृष्ट काढतात. विचारत नाहीत.

रविवारी सकाळी नागपूरच्या शोरूमचा अनुप गाडी घेऊन दारात आला. तरुण पोरगा, गळ्यात टाय, जूनच्या उकाड्यात मानेला ओलं फडकं. गाडीचं नाव मी लिहीत नाही. कंपनी मला काही देत नाही.

"काकाजी, पाहून घ्या आरामशीर," अनुप म्हणाला. "तीन रांगा, तिन्हीत एसी. मागच्या रांगेतबी थंडी लागते."

बंडूजींनी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला. वाकून खाली पाहिलं. टायरला पायानं दाबलं. मग आत वाकून स्टिअरिंगच्या मधल्या भागाकडं बोट केलं. "अन् हे काय?"

"एअरबॅग हाय त्याच्यात. धडक झाली तर फुगा फुगते."

"म्हंजे आहे का नाई ते धडक झाल्यावरच समजन."

अनुप हसला. "आन् हा पाहा खटका. दाबला की लेकराईले आतून दार उघडता येत नाई."

"मोठ्याईसाठी बी हाय का असा?" शकुंतलाबाई पायऱ्यांवरून म्हणाल्या. "ह्याईले दर टपरीवर उतरा लागते."

मग त्यांनी चढून पाहिलं. एक पाय पायरीवर, एक हात दाराला, दुसरा हात अनुपच्या खांद्यावर. वर पोचल्यावर दम घेऊन म्हणाल्या, "गाडीत बसवून राह्यला का गडावर चढवून राह्यला बाप्पा?" पण सीट त्यांना आवडली. मखमलीवरून दोनदा हात फिरवला. तेवढं बंडूजींनी पाहिलं आणि मिशीत हसले.

यानंतर बंडूजींनी जे केलं ते फक्त बारदान्याचा व्यापारीच करू शकतो. हमालाला हाक मारून त्यांनी घरामागच्या गोदामातले समुद्रपूरच्या गिऱ्हाइकाचे पोत्यांचे गठ्ठे मागच्या रांगेत कोंबायला लावले.

"काकाजी! ट्रायल आहे ही!" अनुप ओरडला. "नवी गाडी आहे!"

"मंग? रिकामी गाडी तं कोनतीबी धावते."

"अहो ती लेकराईची सीट आहे!"

"लेकराले शीट कायले पायजे?" बंडूजी म्हणाले, आणि ते चेष्टेनं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. आपल्याकडे लेकरू मांडीवर असतं. बसमध्ये मांडीवर, काळीपिवळीत मांडीवर, रिक्षात मांडीवर. जागा उरली तर पिशवीला मिळते.

अशी गाडी निघाली. अनुप चालवायला, शेजारी बंडूजी. मधल्या रांगेत शकुंतलाबाई, अंजू, नीलेश. मागं पोती. सात माणसांच्या गाडीत पाच मोठी माणसं होती आणि तरी गुंजन आजीच्या मांडीवर. डाव्या मांडीवर. ती तिची ठरलेली जागा. आजीचा जीव होता नातीवर, आणि प्रवासात ती कुणाच्या मांडीवर बसणार याबद्दल घरात कधी दुसरं मत झालं नव्हतं. अंजूच्या मांडीवर पाण्याची बाटली, लिंबं, टॉवेल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या.

उपाय सगळे झाले होते. सकाळी उलटीची अर्धी गोळी. निघताना आल्याचा रस. फ्रॉकखाली पोटावर वर्तमानपत्राची घडी, कारण कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की पेपर बांधला की लागत नाही. पोरगी बसली तर कागद कुरकुरे.

सेवाग्रामचा फाटा मागं पडला आणि पहिल्या गतिरोधकावर गुंजन बोलली, "मले गाडी लागते."

"लिंबू दे," शकुंतलाबाई म्हणाल्या.

अंजूनं लिंबाची फोड तोंडात दिली. पोरीनं चोखली, तोंड वाकडं केलं. पुढं खड्डा आला. "आई, लागते." पुन्हा लिंबू. अनुप आरशातून मागं पाहू लागला. त्याचा जीव मखमलीत अडकला होता.

"आस्ते घे रे," बंडूजी म्हणाले.

"काकाजी, आस्तेच घेऊन राह्यलो. बैलगाडी मागं टाकून गेली आपल्याले."

"लागते, लागते!" गुंजन आता रडत होती, आजीच्या मांडीवरून सरकायला पाहत होती. आजीनं पोटाला हात घालून घट्ट धरलं. "पडशीन व माय. दाबून बस." जितकी ती सरके तितकी आजी दाबे. अंजूनं एकदा हात पुढं केले, "द्या माह्याकडं." तर बाई म्हणाल्या, "तुह्या मांडीवर तं दुकान हाय. कुठं घेशीन?"

हिंगणघाट यायच्या आत गुंजन ओकली. गोळी, आलं, लिंबू, सकाळचं दूध. थोडं पिशवीत, बाकीचं आजीच्या नव्या पातळावर आणि शोरूमच्या मखमलीवर.

अनुपनं गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या मानेवरचं फडकं काढून सीट पुसू लागला. बंडूजी रस्त्याकडं पाहत राहिले. नीलेश म्हणाला, "सकाळी दूध काऊन पाजलं?" एवढ्या वाटेत तो पहिल्यांदा बोलला, आणि बोलला तर हे.

अंजूनं पिशवीला गाठ मारली. निकाल लागला होता.

समुद्रपूरला पोती उतरली, मग पुढं त्या खेड्यात गेले. ठरलं होतं म्हणून गेले. शाळा चांगली होती, दोन खोल्या, व्हरांडा, कडुलिंब, हापसा. शेजारच्या घरातली भागीरथा नावाची म्हातारी राहायची खोली दाखवायला आली. "मास्तरीन बाई, इथं चूल ठेवजो, इथं पलंग. लेकरू माह्याजवळ खेळन." अंजू हो हो करत होती. खोली पाहत नव्हती.

हापशावर तिनं गुंजनचा फ्रॉक काढून धुतला. पोरीच्या बरगडीवर, उजव्या अंगाला, दोन लाल वळ होते.

"हे काय व?"

"घामोळं हाय," शकुंतलाबाई मागून म्हणाल्या. "कायच्या काय उकडून राह्यलं." त्या स्वतःचं पातळ ओल्या हातानं पुसत होत्या आणि चिडल्या होत्या. चिडल्या होत्या म्हणण्यापेक्षा दमल्या होत्या. मग सुनेकडं न पाहता म्हणाल्या, "मी वाईट नाई हाव, अंजू. तूच पाह्यलं ना आज. कसं न्याचं असं लेकरू?"

अंजूला भांडायला काही उरलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं होतं.

परत निघताना नीलेश चालवायला बसला, कारण ट्रायलमध्ये मुलानं चालवून पाहायला हवं. शेजारी अनुप, मधे बंडूजी, अंजू, शकुंतलाबाई. गुंजन सवयीनं आजीकडं वळली. पण आजीनं पदर आवरला. "नाई व माय. पुरं झालं. आता उरलंसुरलं बी टाकशीन माह्या अंगावर. जाय, मागं बस."

अनुपला ते बरंच वाटलं. त्यानं मागच्या रांगेतल्या एका सीटवर फाटकं पोतं अंथरलं. "इथं बसू द्या. पोत्यावर झालं तर चालते."

घाण होईल म्हणून पोरीला मागं टाकलं. अंजू म्हणाली, "मी बसतो तिच्याजवळ." पण दुसऱ्या सीटवर बंडूजींच्या गिऱ्हाइकानं भेट दिलेली फणसाएवढी दोन टरबुजं होती आणि ती कुणी उतरवेना. म्हणून गुंजन एकटीच बसली. सबंध सीट. पाय हलवायला जागा. बाजूला तिची स्वतःची खिडकी. अनुपनं कमरेचा पट्टा लावून दिला तेव्हा तिनं तो दोनदा वाजवून पाहिला.

जाम चौरस्ता आला. अंजू मान वळवून बसली होती, हातात पिशवी तयार. गुंजन खिडकीतून ट्रक पाहत होती. काही म्हणाली नाही.

"झोपली का?" बंडूजींनी विचारलं.

"नाई."

"मंग काऊन चूप हाय?"

तेवढ्यात मागून आवाज आला. पोरगी टरबुजाला गोष्ट सांगत होती. त्यात एक ट्रक होता आणि त्याला शाळेत जायचं होतं आणि त्याची आई त्याला डबा देत नव्हती. रस्ता तोच, खड्डे तेच, आणि नीलेश तर अनुपपेक्षा वाईट चालवत होता. एका खड्ड्यात बंडूजींचं डोकं छताला लागलं. मागं पोरगी खिदळली.

हिंगणघाट गेलं. सकाळची ती जागाही गेली. सगळे मनात मोजत होते आणि कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं, जणू बोललं की पोरगी ओकेल.

शेवटी शकुंतलाबाईंनाच राहवेना. नात एकटी मागं बसलीय हे त्यांना मघापासून टोचत होतं. त्या वळून म्हणाल्या, "ये व माह्या सोन्या. ये आजीच्या मांडीवर."

"नाई," गुंजन म्हणाली.

"काऊन व? रागावली आजीवर?"

"तुह्या मांडीवर गाडी लागते."

सगळे हसले. बंडूजी तर टाळी देऊन हसले. "घ्या! सून म्हणे सासूचा जाच, आता नात बी म्हणून राह्यली!"

"मामाजी, मी कधी म्हणलं?" अंजू म्हणाली. पण हसता हसता ती थांबली. पोरीकडं पाहिलं. "गुंजन, मांडीवर कशी लागते गाडी? कुठं लागते?"

गुंजननं एवढ्या सोप्या गोष्टीला इतका वेळ लागला म्हणून थोडं वैतागून फ्रॉक वर केला आणि बरगडीवर बोट ठेवलं. "इथं लागते. लय लागते. खड्डा आला का अजून लागते."

पोरगी भाषा बरोबर बोलत होती. दगड लागतो, काटा लागतो, दार लागतं, तशी तिला गाडी लागत होती. टोचत होती. वर्षभर ती घरादाराला सांगत होती की मला दुखतं, आणि आम्ही शहाणे मोठे लोक तिच्या तोंडात लिंबू कोंबत होतो. लिंबू, आलं, गोळी, वर रडारड आणि वर पोटावर दाबलेला हात. मोठा माणूससुद्धा ओकला असता.

"आत्याबाई," अंजू म्हणाली, "तुमच्या कमरेले काय हाय?"

"कुठं काय?" बाईंचा हात आपोआप डाव्या कमरेवर गेला आणि तिथंच थांबला.

"नीलेश, गाडी थांबव," बंडूजी म्हणाले.

गाडी थांबली. शकुंतलाबाईंनी पातळाच्या आत खोचलेला चाव्यांचा छल्ला ओढून काढला. कपाटं, तिजोरी, कोठी, दुकानाची दोन कुलुपं, आणि बारदान्याच्या गोदामाची ती वीतभर लांब, दात्यांची लोखंडी चावी. ही बाई सासूकडून छल्ला मिळाल्यापासून त्याच्यासकट जेवत होती, झोपत होती, लग्नाला जात होती. तिच्या अंगाला तो लागायचा बंद होऊन जमाना झाला होता. पोरगी रोज तर तिच्या मांडीवर बसायचीच. पण घरात धक्के नसतात, घरात पोरगी उठून पळते. गाडीत तिला दाबून धरलेलं असे. पवनारला आजोळी स्कूटरवर उभी राहून जायची तेव्हा कधी लागलं नाही, तर सगळे म्हणायचे, जवळ आहे म्हणून.

बाईंनी चावी पाहिली. मग मागं वाकून पोरीची बरगडी पाहिली. दात्यांची खूण ओळखू येत होती.

"माय व," त्या हळू म्हणाल्या. "मी टोचून राह्यली होती लेकराले?"

अंजूनं मागं हात लांबवून पोरीचा फ्रॉक खाली ओढला. मग बंडूजी म्हणाले, "मी कधीचा म्हणतो, चाव्या सुनंले दे. तू दिल्या नाईत. पाह्य आता."

"चूप बसा!" बाई ओरडल्या, आणि त्या ओरडल्या म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. घर जागेवर आलं. "चाव्या मी कोनाले देत नाई. इकडून तिकडं खोचीन." असं म्हणून त्यांनी छल्ला पायाशी टाकला, तो बोरगाव मेघे येईपर्यंत तिथंच खुळखुळत राहिला आणि बाईंनी खाली पाहिलं नाही.

अंजू हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं आणि ते दोन्ही तिनं ओकारीच्या पिशवीत तोंड घालून उरकून घेतलं. नीलेशनं आरशात पाहून विचारलं, "तुले लागली का आता?" अनुपसुद्धा हसला. आज सीट एकदाच धुवावी लागणार होती.

घरी उतरताच बंडूजींनी अनुपच्या पाठीवर थाप मारली. "चाल, बसून बोलू. रंग पांढराच पायजे मले."

शकुंतलाबाई एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर, अशा अर्ध्यात थांबल्या. "कायचा रंग?"

"गाडीचा. पोरगी येताना नाई ओकली. तूच म्हणलं होतं."

"पोरीले गाडी लागतच नाई," बाई म्हणाल्या. "लागत नाई तं मोठी गाडी कायले? एस्टीनं जाईन."

बंडूजींनी स्वतःच उभं केलेलं कारण त्यांच्या डोळ्यांदेखत उतरून घरात गेलं होतं, आणि आता माठातलं पाणी पीत होतं. अनुपनं त्यांच्याकडं पाहिलं, बंडूजींनी अनुपकडं. "काकाजी, मग दिवाळीत येऊ का?" तो म्हणाला. पोरगा धंद्यात टिकणार होता.

मग बाई सुनेकडं वळल्या. आवाज नेहमीचाच, करडा. "उद्याची पहिली गाडी किती वाजता हाय? पोरीचे दोन स्वेटर बी घेजो, खेड्यात पावसाळ्यात गारठा असते." माफी वगैरे त्या मागणार नव्हत्या, आणि अंजूला ती नकोही होती. तिला पोरगी हवी होती आणि शाळा हवी होती. दोन्ही मिळालं होतं.

सोमवारी पहाटे नीलेशनं दोघींना एस्टीत बसवून दिलं. पिशव्या वर फळीवर टाकल्या. अंजूनं गुंजनला खिडकीशी बसवलं, सबंध सीटवर, आणि आपण शेजारी बसली.

कंडक्टर आला. "ताई, लेकराले मांडीवर घ्या. मागं लोक उभे आहेत."

"हिचं अर्धं तिकीट द्या."

"अहो, लहान आहे ती. पाचच्या आतल्याले तिकीट लागत नाही."

"मंग पाच वर्षांची समजा."

"अहो बाई, लोकं पाचच्याले तीन सांगतात. तुमी उलटं करून राह्यल्या." त्यानं पोरीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि या बाईशी वाद घालण्यात सकाळ जाईल हे ओळखून तिकीट फाडलं.

उभी असलेली एक बाई म्हणाली, "काय व, एवढ्याशा पोरीले अख्खी शीट?"

"हाव," अंजू म्हणाली. "तिकीट काढलं तिचं."

गाडी सुटली. हिंगणघाटच्या अलीकडं खड्डे आले तेव्हा गुंजननं सीटच्या दांडीला धरलं आणि उडाली की हसली. पिशवी उघडून ठेवायचं आपण विसरलो, हे अंजूच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. तोवर तिचे डोळे मिटायला लागले होते. रात्रभर आवराआवर झाली होती, शाळेत पहिला दिवस होता, आणि पुढचा अर्धा तास तिला कुणावरही लक्ष ठेवायचं नव्हतं. तिनं डोकं मागं टेकवलं आणि झोपून गेली.